हात बघ, चेहरा नको

एल आल्तो
१४ सप्टेंबर

चिरंजीव रुफिना हीस,

ताईचे आशीर्वाद. अजून घेत असशील तर घे.

इकडे सगळं ठीक आहे. वारा बोचतो, पण पहाटे नळ गोठायचे थांबले. आई गावाहून येऊन गेली. यंदा बटाटे चांगले गोठले आणि वाळले, म्हणून चुन्योचं अख्खं पोतं ठेवून गेली. "दोघींनी वाटून घ्या," म्हणाली. आपण बोलत नाही हे तिला पक्कं माहीत आहे, म्हणूनच म्हणाली. तुझा वाटा इथे पडलाय. तुझा गुडघा कसा आहे? दुकानात बसून बसून दुखत असेल. गिऱ्हाईक नसलं की बसावंच लागतं.

दुकान विकायला काढलंयस असं कळलं. वाईट वाटलं असं लिहिणार होते. पण आपल्या दोघींत खोटं बोलायचं काम पहिल्यापासून तुझ्याकडे आहे, ते तुझ्याकडेच राहू दे.

समोरून रोज दिसतं मला. छतापर्यंत त्या रोबो झाडूंची खोकी लागली आहेत. गोल, चपटे, घरभर आपोआप फिरणारे झाडू! अगं, आपल्या एल आल्तोत? कच्च्या विटांची जमीन, खोलीखोलीला उंबरा, अंगणात कुत्री. कोपऱ्यावरच्या दोन्या सेबेरिनाबाईने तुझ्याकडून एक नेला होता ना? माझ्याकडे येऊन सांगत होती, "त्याला दर उंबऱ्यावर उचलून पलीकडे ठेवावं लागतं, लेकराला मुतायला नेल्यासारखं. त्यापेक्षा मीच झाडते की!" गल्लीभर हसले लोक. रुफिनासारखी हुशार बाई अशी कशी फसली, असं सगळे मला विचारतात. मी खांदे उडवते.

आता जरा जुनं बोलते.

तुझ्या पहिल्या अलासितासच्या जत्रेला मी तुला बोटाला धरून नेलं होतं. तू त्या इवल्या वस्तू बघून वेडी झालीस. बोटभर घरं, बोटभर मोटारी, बोटभर पिठाची पोती. वर्षभरात जे हवं ते लोक इवलंसं विकत घेतात, एकेको देवासमोर धूर देऊन घेतात आणि खरं होण्याची वाट बघतात. तुला सगळंच हवं होतं. मी म्हटलं, "घे काय ते, पण आधी बघायला शीक. आपला धंदा इथे आहे. आज लोक जे इवलं घेतात, ते वर्ष संपायच्या आत खरं मागायला आपल्याकडे येतात." तू विचारलंस, "पण ताई, लोक तर ढीगभर घेतात. त्यातलं खरं कुठलं?"

तेव्हा मी तुला ते सांगितलं, जे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. दुकानात काय मांडलंय ते बघू नकोस, ते मांडणाऱ्याचं मत. लोक गंमत म्हणून घेतलेली वस्तू पिशवीत टाकतात. मनापासून हवी असलेली वस्तू हातात धरून धुरापर्यंत नेतात, आणि नवी असेल तर लाजून शालीखाली धरतात. म्हणून धूर देणाऱ्या बाबाच्या रांगेजवळ उभी राहा. चेहरा बघू नकोस, चेहरे नाटकं करतात. हात बघ.

त्यावर आपण दोघींनी इतकी वर्षं खाल्लं. टचस्क्रीनचे फोन, भाताचे विजेचे कुकर, सगळं आपल्याकडे आधी आणि बाकीच्या गल्लीत नंतर. मग गॅसच्या सिलिंडरसाठी रांगा लागल्या त्या वर्षी धुरात विजेच्या शेगड्या दिसल्या. मी म्हटलं, घरी जाऊन नीट ठरवू, सकाळी इकिके बंदरातल्या दलालाला फोन करू. तू मान डोलावलीस. आणि जत्रेतूनच, मी मक्याची गरम आपी प्यायला बसले होते तेवढ्यात, मांडवामागे जाऊन तू फोन केलास. सगळा माल तुझ्या एकटीच्या नावावर. महिन्याभरात समोर तुझी पाटी.

तेही गिळलं असतं मी. धाकटी आहेस, घाई झाली असेल, असं म्हणून गिळलं असतं. पण आपल्या मोरेनादा नाचाच्या मंडळाच्या जेवणात तू माईक हातात घेतलास. आठवतं? बिअरच्या खोक्यांवर पाय ठेवून, नवी टोपी तिरपी करून. "ताईची नजर गेली हो आता! पुढे काय येणार ते इथून पुढे मला विचारा!" आणि सगळं मंडळ हसलं. ज्यांच्याबरोबर मी आयुष्यभर नाचले त्या बायका हसल्या. दुसऱ्याच आठवड्यात दलाल म्हणाला, "दोन्या निकासिया, तुम्ही आता विश्रांती घ्या." मला! विश्रांती!

तू पुढे मोठ्या मंडळात गेलीस. मी त्याच मंडळात राहिले, त्याच बायकांत. आणि मी वाट बघितली.

आता तुला कळायला लागलं असेल.

या जानेवारीत ते इवले झाडू मी घडवून घेतले. आपल्या कारागीर तेओफिलोकडून, प्लास्टरचे, बटणाएवढे, वर लाल ठिपका. मग मंडळाच्या प्रमुख दोन्या मेल्चोराकडे गेले. ती म्हणाली, "निकासिया, त्या दिवशी मी हसले ते अजून मला बोचतं. बोल, काय करायचं?" सगळ्या तयार झाल्या. ठेवणीतले घेरदार पोलेरे नेसल्या, टोप्या कपाळावर ओढल्या आणि एकामागून एक रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात झाडू, शालीखाली, लाजत. मेल्चोरा तर इतकी लाजली की मला वाटलं आता पकडली जाणार!

मी कागदी नोटांच्या दुकानामागे उभी होते. तू आलीस. तू एकदाही मान वर केली नाहीस. ज्या बायकांनी तुझ्या लग्नात भांडी घासली, त्या तुझ्या नाकासमोरून गेल्या आणि तू फक्त हात बघितलेस. चांगली शिकली होतीस गं तू. माझीच पोर.

पलीकडच्या कोपऱ्यात त्याच वेळी भाड्याच्या गाड्या चालवणारे उभे होते. पेट्रोलच्या रांगांनी वैतागलेले, हातात बॅटरीच्या इवल्या मोटारसायकली. त्या मी बघितल्या. माझ्या दुकानात आज एकही शिल्लक नाही, हे तुला समोरून दिसतंच.

इथे पत्र संपवणार होते. पाकीटही घेतलं होतं. पण एक गोष्ट राहिली.

दुपारी बाराच्या ठोक्याला, सगळ्यांत शेवटी, तूसुद्धा बाबासमोर गेलीस. शालीखाली काहीतरी होतं. तू ते धुरावर धरलंस तेव्हा मला दिसलं. इवलं दुकान, निळं शटर, वर लाल पाटी. पाटीवरचं वाचता आलं नाही, म्हणून नंतर तेओफिलोला विचारलं. तो म्हणाला, "खास करून घेतलं तिने. दोन नावं लिहायला लावली. तुमचं आधी."

तू दलालाला फोन केलास तो संध्याकाळी. तोवर वेळ होता. मी फोन हातात घेतला होता, रुफे. नंबर लावायचा तेवढा राहिला होता. मग ते हसणं कानात आलं आणि मी फोन खाली ठेवला. त्याची मला लाज वाटत नाही. झोप मात्र त्या दिवसापासून नीट लागत नाही.

तुझं दुकान घ्यायला कासिमिरो म्हणून एक गृहस्थ येतात ना? मऊ बोलणारे, घासाघीस न करणारे? तो माझा माणूस आहे. दुकान मी घेतेय. शटर निळंच ठेवणार आहे. रंगारी रोज विचारतो, पाटीवर काय लिहू. मी त्याला थांबवून ठेवलंय.

पुढच्या महिन्यात मंडळाचं जेवण आहे. तोच मांडव, त्याच बायका. ये. माईक हातात घे आणि सगळ्यांसमोर म्हण, की मी खोटं बोलले होते, ताईची नजर शाबूत आहे. हसतील त्या. हसू दे. सगळ्यांत मोठ्याने मी हसणार आहे, तेवढा माझा हक्क आहे. मग दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला दोन नावं सांगेन, तू धुराला सांगितलीस त्याच क्रमाने.

नाही आलीस तर एक नाव लिहायला रंगही कमी लागतो.

येताना चुन्योचा वाटा न्यायला पिशवी आण. आणि टोपी कपाळावर ओढू नकोस. जत्रेत मी तुझा हात तेवढा बघितला. या वेळी मला तुझा चेहरा बघायचा आहे.

तुझी,
दोन्ही डोळे शाबूत असलेली ताई,
निकासिया