ट्रेलरच्या दिव्याचं दुसरं बटन

खुशाल बाबू,

तुह्या जागेवर आज मीच डोमा ड्रायव्हरसोबत आलापल्लीच्या जंगलात चाललो. मागच्या खेपेले बॅटरी वाचवाले त्यानं केबिनातून दिवा विझवला, अन् तू अंधारात ओंडके भरताना ट्रेलरवरून पडला. म्हणून मी ट्रेलरलेही बटन बसवलं. आता दिवा दोन्हीकडून लागते अन् विझते. बटन वर का खाली ते पाहाचं नाई, दिव्याकडे पाहाचं.

डोमा म्हणे, "बुढ्या, हे भुताटकी होय!"

म्या म्हटलं, "माह्या जवानीत बैलबंडी भरताना वाघ कंदील धरून उभा राहे, तवा कोणी भ्याला नाई!"

मी ओंडके उचलत नाई, बटनापाशीच बसतो. सुजल्या पायानं मांगं येऊ नको. तुह्या चपला सूनबाईनं माह्या सांगण्यावरून लपवल्या. भांडाचंच असंल तर मी येईपर्यंत थांब.

तुहा बाबा