मागून हाक

मनालीच्या वर, ७ एप्रिल

ती. आईस दर्शनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इथे रेंज नाही, म्हणून खाली जाणाऱ्या जीपवाल्याकडे पत्र देतोय. चैत्रातला बर्फ लबाड. रात्री थंडीनं दगडासारखा होतो, दुपारी उन्हानं पाणी धरतो आणि अख्खा उतार खाली येतो. म्हणून डोंगर चढायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन अंधारातच निघायचं, ऊन चढायच्या आत खिंड ओलांडायची. रात्री ढग असले तर बर्फ गोठत नाही. त्या दिवशी निघायचंच नाही. रानशेतचा लहान्याही इथे माझ्यासारखाच वाटाड्या आहे, पण घाई फार करतो. बाबांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझा दर्शन

झाई, १५ एप्रिल

चि. दर्शन यास आईचे अनेक आशीर्वाद.

शाळेसाठी सातला उठत नव्हतास, आता अंधारात उठतोस म्हणून बाबा हसले. ढगांचं मला कळलं. आभाळ भरलं की बोंबीलही वरून वाळलेले दिसतात, आत ओलेच.

परवा तंबाखूची पुडी विसरली म्हणून मी बाबांना मागून हाक मारली, तर त्यांनी होडी परत काठावर ओढली. मागून हाक आली की त्यांचा दर्या बंद. दिवसभर काठावर जाळी शिवत बसले. लहान्याला सांभाळ. शाळेत असताना तो आपल्याकडेच जेवायचा, मला परका नाही. स्वतःलाही जप.

तुझी आई यमुना

मनालीच्या वर, २४ एप्रिल

ती. आईस सा. न.

काल वाईट झालं. रात्रभर आभाळ होतं, पहाटे पाय गुडघ्यापर्यंत रुतत होता. मी माझी माणसं थांबवली. लहान्या ऐकेना; त्याच्या पाहुण्यांची सुट्टी संपत आली होती. तो उताराला लागला तेव्हा मी मागून त्याचं नाव घेऊन हाक मारली. जागीच थांबला. मला शिव्या घातल्या आणि सगळ्यांना घेऊन परत आला. आपल्या घरात वाढलेला, पाय पुढे टाकेना.

त्यांच्या पुढे एक जण एकटाच निघाला होता. आदल्या संध्याकाळी आमच्यात बसून चहा प्यायला, पण नाव कुणीच विचारलं नाही. मी भाईसाब, भाईसाब म्हणून ओरडत राहिलो. त्यानं वळून पाहिलं नाही. ऊन आलं आणि उतार सुटला. तो अजून सापडलेला नाही. लहान्या जेवत नाही. मलाही फार वाईट वाटतंय.

दर्शन

झाई, ३ मे

चि. दर्शन यास आशीर्वाद.

बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. लहान्याला म्हणावं, आईनं जेवायला सांगितलंय. दोघेही आमचेच आहात.

दर्यात गेलेल्यासाठी आपण त्याचं नाव घेऊन नारळ सोडतो. बाबांनी नारळ आणला. काल काठापर्यंत गेले आणि तसेच परत आले. नाव काय घेऊ, म्हणाले. नारळ देवापाशी ठेवलाय. नाव कळलं की आधी तेवढं कळव.

तुझी आई