सासूबाई आणि सेव्हन आयर्न

४ फेब्रुवारी

म्हातारीने आज सगळ्यांसमोर माझ्या हातातून बॉल मारायचा सेव्हन आयर्न क्लब काढून घेतला! सासू असली म्हणून काय झालं? गोल्फच्या सरावाची रेंज तिची, बॉल तिचे — मान्य. हात माझे आहेत.

शेजारी एक नवशिक्या बाई होत्या. त्यांना म्हातारीची शिकवणी चालली होती. "बॉल उजवीकडे निघून शेवटी हलकेच डावीकडे वळला, तर तो ड्रॉ. आणि हिच्यासारखा डावीकडे पळतच सुटला, तर हुक!" बोट माझ्याकडे. बाई हसल्या. मी मेल्याहून मेल्यासारखी.

गेल्या वर्षी याच हुकने पात्रता फेरीत शेवटचा बॉल तळ्यात घातला. व्यावसायिक स्पर्धांतली जागा गेली. ते माझ्याच हातून झालं, ठाऊक आहे. रोज उठून त्यावर मीठ कशाला चोळायचं?

९ फेब्रुवारी

हुक. हुक. हुक. आग लागो त्या सेव्हन आयर्नला!

१० फेब्रुवारी

नवऱ्याला फोन केला. नोकरी परगावी, स्वारी महिन्याकाठी उगवते. म्हटलं, तुझ्या आईला जरा समजाव. "तुमच्या दोघींच्या भानगडीत मी पडत नाही." धन्य!

१८ फेब्रुवारी

"उजवा पाय जरा मागे घे. क्लबचं तोंड बंद, झेंड्याकडे वळवलेलं; हात मात्र झेंड्याच्या उजवीकडे जाऊ देत."

"तेच करतेय, आई."

"करत नाहीयेस. कंबर मध्येच थांबते तुझी. मग हात पुढे पळतात, मनगट उलटतं आणि बॉल बोंबलत डावीकडे."

"मग तोंड नेमकं किती बंद ठेवायचं?"

"क्लबचं तोंड जरासं. तुझं पूर्ण."

क्लब फेकला मी. खरंच फेकला! वर जाळीत जाऊन अडकला. तिने शिडी आणली. स्वतः चढली, काढला, पुसला, माझ्या हातात दिला. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

२ मार्च

वळला!!

कंबर थांबू दिली नाही, बस्स. बॉल उजवीकडच्या खांबाच्या दिशेने निघाला, वर गेला आणि सावकाश डावीकडे झुकत झेंड्यापाशी उतरला. पुन्हा मारला. पुन्हा तसाच. तिच्याकडे पाहिलं, तर बाईसाहेब बॉल वेचायच्या गाडीचं चाक तपासताहेत!

"ड्रॉ जमिनीवर जास्त पळतो," पाठमोरीच म्हणाली. "एक क्लब कमी घ्यायचा. सिक्सचं अंतर असेल तर सेव्हन; आकडा मोठा, मार आखूड."

'छान' म्हटलं असतं तर जीभ झडली असती?

१५ मार्च

पात्रता फेरी. शेवटचा होल. समोर झाड, झेंडा त्याच्या मागे डावीकडे. झाडाला वळसा घालण्यावाचून गत्यंतर नाही. अंतर सिक्सचं होतं. हात तिकडे गेलाही. कानात म्हातारी किरकिरली. शिव्या हासडत सेव्हन काढलं.

पाय मागे. तोंड झेंड्याकडे. कंबर — फिर गं बाई!

बॉल झाडाला वळसा घालून हिरवळीवर पडला, पळाला, झेंड्याजवळ थांबला. एका फटक्याने वाचले. पात्र झाले! जागा परत मिळाली!

दोरीपलीकडे ती उभी होती. मी वेड्यासारखी धावत गेले.

"शेवटी तोल गेला तुझा," म्हणाली.

घरी जायला गाडीत बसलो. ती चालवत होती. मी खिडकीकडे तोंड करून रडले. रागाने. दुसरं काय!

१६ मार्च

नवरा न कळवता आला. वाटलं, अभिनंदनाला आलाय. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, तिकडे दुसरी आहे. लग्न मोडायचंय. तू हे घर सोडलेलं बरं.



म्हातारी उठली. त्याची बॅग उचलून दाराबाहेर ठेवली.

"घर माझं आहे," म्हणाली. "ती राहील. तू नीघ."