जयूचे हिंदी शब्द

४ नोव्हेंबर, सोमवार

जयूच्या मेंदूत गाठ आहे. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेलगत.

आणि आम्ही हसत होतो! श्रावणापासून ती पातेल्याला भगोना म्हणायला लागली, उशीला तकिया. सुहास चिडवायचा — "आई, आता पक्की उज्जैनवाली झालीस!" पुण्यात असतो तर बायकोचे मराठी शब्द हरवतायत हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. आमच्याकडे अर्धं बोलणं हिंदीच, कोण लक्ष देतो? परवा हिंदीही अडली. टावर चौकात भाजीवाल्यासमोर नुसतं बोट दाखवत उभी राहिली, तेव्हा कुठे धावपळ.

७ नोव्हेंबर

इंदूर. उज्जैनचा साधा एमआरआय पुरत नाही म्हणे. आता गाठीत रक्त किती फिरतं, आत कोणती रसायनं आहेत, हे मशीनमधूनच बघायचं. त्यावरून ग्रेड. एक-दोन म्हणजे सुस्त, तीन-चार म्हणजे आक्रमक. डोकं न उघडता! डॉक्टरांनी बजावलं — "अंदाज़ है, बाबूजी. पक्का तो टुकड़ा निकालने पर ही."

जयू आत, मी दाराबाहेर. मशीनची ठकठक. चौथीत आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून कवितेला ठेका देत, अगदी तसाच. मी मनातल्या मनात नदीची कविता म्हणत बसलो. जयूलाही ती पाठ आहे. लग्न झाल्यावर राम घाटावर बसून मीच शिकवलेली.

बाहेर आल्यावर विचारलं, आत काय करत होतीस? तिनं ओठ हलवले, शब्द शोधला. मग सोडून दिला.

९ नोव्हेंबर

गाठीचं रंगीत चित्र दाखवलं. मधोमध लालभडक. रक्त फार, रसायनांचा आलेखही वाईट. बहुतेक तीन, कदाचित चार. सुस्त दिसली असती तर वाचेला लागून असलेला भाग तसाच ठेवून नजर ठेवता आली असती. आता निघेल तेवढी काढायची. वाचा जाऊ शकते.

सुहास पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला — खात्री किती? डॉक्टर चिडले नाहीत. त्यांची आई असती तरी हेच केलं असतं म्हणाले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

जयूच बोलली. "काढा."

मराठीत. स्पष्ट.

१० नोव्हेंबर

ऑपरेशन चौदा तारखेला ठरलं.

१६ नोव्हेंबर

ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले. गाठ जवळजवळ सगळी निघाली. जयू ओळखते, हात घट्ट धरते. बोलत नाही.

दुपारी मी सहज नदीच्या कवितेची पहिली ओळ म्हटली — आणि तिनं दुसरी म्हटली! मग तिसरी. शेवटच्या कडव्यापर्यंत, कुठे न अडता! नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. सुहास व्हरांड्यात जाऊन रडला.

मग जयूला तहान लागली. तोंड उघडलं, बराच वेळ उघडंच राहिलं. शेवटी पेल्याकडे बोट.

२६ नोव्हेंबर

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. ग्रेड दोन. काही सुस्त गाठीही खूप रक्त ओढतात, मशीनला फसवतात, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. मग माझा हात हातात घेतला — "बधाई हो, बाबूजी. माताजी के पास अभी बहुत साल हैं."

जयू माझ्या तोंडाकडे बघत होती. काय झालं, हे तिला विचारता येत नव्हतं.

मी नदीची कविता सुरू केली.