पातळ झालं म्हणून

मंगळवार, सकाळ

दादा,

लांबूनच पाया पडतो. वहिनींना नमस्कार. मी बरा आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून ट्रकवाल्या मामांच्या हाती चिठ्ठी देतोय. फाडायची तर वाचून फाड.

मामा इथे चहाच्या टपरीवर सांगत होते, "तुझ्या बापाचं आठ दिवस घट्ट होतं, आता पातळ सुटलंय. दादाने चूर्ण बंद केलं. सुटला एकदाचा!" सगळे हसले. मी तिथेच लिहायला बसलो.

गोदामातलं काम मी केव्हाच सोडलं. माझं बूड कुठे टेकत नाही, तुला ठाऊकच आहे. आता एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं अंग पुसतो, कपडे बदलतो. भिंतीवर तक्ता आहे. ज्याला शौचाला साफ झाली त्याच्यापुढे खूण करायची.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक मास्तर होते. मला म्हणायचे, "काय भिंगरी, आज आहेस की पळालास?" त्यांचंही असंच झालं. सहा दिवस काही नाही, मग पातळ होऊन चादर खराब. मी खूण केली. जुलाब लागले समजून त्यांचं पोट साफ होण्याचं औषध मीच थांबवलं. नर्सबाईंना विचारलं नाही. रोज चादर खराब, रोज खूण.

बाईंनी नंतर समजावलं. एक औषध आतड्यात पाणी ओढून मळाचा खडा मऊ करतं, दुसरं आतड्याला ढकलायला लावतं. पण खडा घट्ट बसला की नुसतं पाणी त्याच्या कडेने झिरपतं. आपल्याला वाटतं, मोकळं झालं. आत तो वाढतच असतो.

नंतर म्हणजे, मास्तर गेल्यावर. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. तक्त्यावर खुणा नीट होत्या, मला कोणी काही विचारलं नाही.

बाबांच्या पोटावर हात ठेवून बघ. टणक लागलं, उलटी होत असली, तर घरचं काही पाजू नकोस, चूर्णसुद्धा नको. वाट बंद असताना आतडं ढकलायला लागलं तर फाटतं म्हणे. मऊ लागलं तरी आजच दवाखान्यात ने. सांग, "आठ दिवस घट्ट होतं, मग पातळ. आत अडकलंय का बघा."

तुला वाटेल, हा कोण मला शिकवणारा. म्हणून मास्तरांचं लिहिलं. इथे अजून कोणाला माहीत नाही. मागे आश्रमाचा पत्ता घातलाय. वाटलं तर ही चिठ्ठी त्यांना पाठव. मी पळणार नाही.

पण आधी बाबांना ने.

तू मानत नसलास तरी,
तुझा धाकटा