भिंगरीला कुठे ठेवायचं

ता. ५ जून

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजारच्या नर्सबाईंनी मला ते तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला काही कळलं नाही, दुसऱ्यांदा नर्सबाईंनाही कळेनासं झालं, आणि तिसऱ्यांदा आम्ही दोघींनी पत्र बाजूला ठेवून चहा केला. फोनवर का बोलत नाहीस म्हणून रागावू नकोस. माझ्या कानात फोनमधलं निम्मं पोचतं, उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरते, आणि मग आपली भांडणं होतात. त्यापेक्षा मी बोलावं आणि नर्सबाईंनी लिहावं, हे बरं. त्यांची रात्रपाळी असते, दुपारी त्या अर्ध्या झोपेत लिहितात. तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर ती झोप समज, आणि विचार वाकडा दिसला तर ती मी.

मला काय कळलं ते सांगते, चुकलं तर दुरुस्त कर. तुझ्या चष्म्याच्या दुकानातले म्हातारे कारागीर आता घरी बसणार. भिंगं घासायचं त्यांचं टेबल मालक तुला देतायत. पण त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल, आणि हा महिना संपायच्या आत हो की नाही ते सांगावं लागेल, नाहीतर टेबल दुसऱ्याचं. इतकी वर्षं तू चष्म्यांना काड्या आणि स्क्रूच बसवलेस, त्यामुळे हे टेबल तुला किती हवंय ते मला लिहून कळवायची गरज नाही. जावईबापू मालगाडी चालवतात, ते आज इथे तर उद्या कुठे. आणि माझी नात दुपारीच शाळेतून सुटते. तर दुपार ते संध्याकाळ भिंगरीला कुठे ठेवायचं? मी आले असते, पण माझे गुडघे असे आहेत की प्रवासाला निघाले तर एक पुढे जाईल आणि दुसरा घरी राहील.

जागा तीन. एक शाळेतलंच केंद्र, ते स्वस्त, पण सुट्टीच्या दिवशी बंद आणि पैसे मात्र सुट्टीचेही. दुसरी ती काचेची इमारत, तिथे पोहणं, नाच, कॉम्प्युटर, दर तासाला फोनवर मुलीचा फोटो, आणि पैसे दुपटीहून जास्त. न्यायला उशीर झाला तर मिनिटामिनिटाचा दंड. तिसरं तुमच्या मागच्या गल्लीतल्या मावशींचं घर, चार-पाचच मुलं, आणि पैसे किती विचारलं तर त्या म्हणतात की आधी मूल रुळू दे, मग बोलू. बाई गं, एक महिन्याचे पैसे सांगते, दुसरी वर मिनिटाचे सांगते, तिसरी सांगतच नाही. याची तुलना कशी करायची? जी बाई किंमत सांगत नाही ती एकतर संत असते, नाहीतर सगळ्यांत महाग. नर्सबाई म्हणतात की इस्पितळात दोन्ही पाहिलेत.

माझं ऐकशील तर मुलं घरी जायच्या वेळेला तिन्ही ठिकाणी दाराशी जाऊन उभी राहा. आत घ्यायला सगळेच हसून घेतात. बाहेर पडताना पोराचं तोंड कसं आहे ते बघ. कळवणे.

भिंगरीला पापा. तुझ्यावर जीव आहेच, तो पत्राच्या शेवटी वेगळा लिहायला लावू नकोस.
तुझी आई

(लिहिणारीकडून : संतांबद्दल मी असं काही म्हणाले नव्हते. मी फक्त हसले होते.)


ता. १२ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे तिन्ही दारांशी उभी राहिले, आणि आधी जेवढी गोंधळले होते त्याहून जास्त गोंधळून आले.

शाळेतल्या केंद्रातून मुलं सुटली ती बाणासारखी. धावत येऊन आयांना बिलगली. मला आधी बरं वाटलं, मग वाटलं की ही आई दिसली म्हणून धावतायत की सुटका झाली म्हणून? आत डोकावले तर सगळीकडे शांत. ही शिस्त म्हणायची की भीती? काचेच्या इमारतीत उलटं. मुलं निघायलाच तयार नव्हती, एकीला तर तिच्या बाबाने उचलून नेलं. आता हे इतकं छान आहे म्हणून, की समोरचा पडदा सुटत नाही म्हणून? तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीने मला इतक्या वेळा मॅडम म्हटलं की मला माझी झिजलेली चप्पल दिसायला लागली.

मावशींकडे दार उघडंच होतं. पसारा विचारू नकोस. एक मूल पलंगाखाली, दोघं भांडतायत, एक खिडकीत पुस्तक वाचतंय, आणि मावशी भांडणाऱ्यांच्या मधे बसून कपड्यांच्या घड्या घालतायत. मला ते आवडलं असतं. पण आई, बाहेर जिन्यावर मावशींची स्वतःची मुलगी बसली होती, आठ-नऊ वर्षांची, आमच्याकडे पाठ करून. तिला बघितलं आणि मी फीबद्दल, खाण्याबद्दल, काहीच न विचारता परत फिरले.

तुला आठवतं का? आपल्या घरीही सगळ्या चाळीची पोरं दुपारभर असायची, कुणाची आई गिरणीत, कुणाची दवाखान्यात. तू त्यांच्या वेण्या घालायचीस, नाकं पुसायचीस. आणि मी जिन्यावर बसायचे. मला आठवतं की मी रडायचे. लोक आपलं मूल कसं सांभाळलं जाईल ते बघायला जातात आणि मी सांभाळणारीचं मूल बघून आले. यात चूक माझी आहे का तेही कळत नाही.

मालकांनी काल पुन्हा विचारलं. मी सांगते म्हणाले. भिंगरीला विचारलं तर ती म्हणते की तिला पोहायचंय, पण पाण्यात नाही.

तब्येत जप. रागावलीस तरी पत्र मात्र पाठव.
तुझी धाकटी


ता. १६ जून

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं जिन्याचं वाचून नर्सबाई मधेच थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, वाचा, मला काही होत नाही.

तुला आठवतं की तू रडायचीस. मला आठवतं की तू जिन्यावर राज्य करायचीस. तुटक्या छत्रीचा दांडा हातात धरून बसायचीस आणि वर येणाऱ्या प्रत्येक पोराकडून काहीतरी वसूल केल्याशिवाय सोडायची नाहीस. गोट्या, रंगीत काचा, एकदा तर एकाचा अख्खा शर्ट. त्याची आई माझ्याशी भांडायला आली होती. आता तू खरी की मी? जिना तर पाडला, त्याला विचारताही येत नाही. मला वाटतं दोन्ही झालं असेल. राज्य करणारी माणसंही मधून मधून रडतच असतील, आपण कुठे जवळून बघितलीत.

दाराशी उभं राहायची माझी युक्ती फुकट गेली हे मी कबूल करते, पण मोठ्याने नाही. आता दुसरी सांगते. खिशाला खार लागला तरी चालेल, पण भिंगरीला एकेक दिवस तिन्हीकडे ठेवून बघ. पातेल्यातला भात शिजला की नाही हे झाकणाकडे बघून कळत नसतं. आणि घरातल्या सगळ्यांना नीट सांगून ठेव, नाहीतर कोण कुठे आहे हे कुणालाच कळायचं नाही. आपलं घराणंच असं आहे, तुझे बाबा एकदा स्वतःच्या लग्नाला शेजारच्या मांडवात जाऊन बसले होते.

मायेत कमी पडत असेन तर तसं कळव, इथे साठा आहे.
तुझी आई

(लिहिणारीकडून : लग्नाची गोष्ट मी पाच वेळा ऐकली आहे. दर वेळी मांडव वेगळा असतो.)


ता. २५ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या युक्तीने काय झालं ते ऐक, आणि हसायचं असेल तर शेवटी हस.

सोमवारी शाळेत, मंगळवारी काचेच्या इमारतीत, बुधवारी मावशींकडे, असं ठरवलं. ह्यांनाही फोनवर सांगितलं. भिंगरीला रोज विचारलं, कसं होतं? तिन्ही दिवस एकच उत्तर, बरं होतं. तुझ्या पातेल्याचं झाकण निघालं तरी भात काही कळेना.

पण बुधवारी ह्यांची गाडी वेळेच्या आधी परतली, आणि ह्यांना वाटलं की आपण पोरीला घ्यायला जाऊन आश्चर्याचा धक्का द्यावा. गाडीवर राहून वार कळत नाहीत, म्हणून आधी शाळेत गेले. तिथल्या शिपायाने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, हॉलकडे हात दाखवून म्हणाला की बघा, तुमची कोणती ती, आणि घेऊन जा. हे सगळ्या मुलांची तोंडं बघून बाहेर आले. मग काचेच्या इमारतीत. त्यांनी कॉम्प्युटर बघून सांगितलं की ही मुलगी आज यादीत नाही, म्हणजे ती नाही. कुठे असेल हे विचारल्यावर म्हणे महिन्याची फी आजच भरली तर सवलत आहे. तेव्हा हे धावतच बाहेर आले. फोन केला तर माझा फोन लागेना, कारण मी भिंग घासायच्या यंत्रावर होते, म्हातारे कारागीर शिकवत होते.

शेवटी मावशींकडे पोचले. आणि आई, मावशींनी पोरगी द्यायला नकार दिला! म्हणाल्या, आईने सोडलंय, आई आली की देईन. हे म्हणाले की मी बाप आहे. मावशी म्हणाल्या, असाल. मग भिंगरीला पुढे बोलावून विचारलं की ह्यांना ओळखतेस का. भिंगरीने नीट बघितलं आणि म्हणाली, कधी कधी.

झालं. मावशींच्या त्या जिन्यावरच्या मुलीने उठून दार आतून लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मी पोचले तेव्हा ह्यांना पायरीवर बसवलं होतं, हातात पाण्याचा पेला, अंगावर रेल्वेचा निळा शर्ट. मी ओळख पटवल्यावर मावशी जराही ओशाळल्या नाहीत. उलट मला रागावल्या की घरात दोघं माणसं असताना एकीचंच तोंड दाखवून कशी गेलीस. मग फी सांगितली. शाळेहून जास्त, काचेहून कमी. उशिराचा दंड नाही. पण न्यायला येणाऱ्याने उंबऱ्यावरून ओढून न्यायचं नाही, आत येऊन घटकाभर बसायचं.

मी हो म्हणून आले. दुसऱ्या दिवशी मालकांनाही हो म्हणाले. टेबल माझं झालं, आई.

पण हे तेव्हापासून रुसून बसलेत. भिंगरी मजेत आहे, तिला आपण काय बोललो हे माहीतही नाही. शिवाय आता ती म्हणते की तिला काचेच्या इमारतीतच जायचं होतं, तिथे मासे आहेत. आणि मावशींची मुलगी कुणाशीच बोलत नाही, ती आनंदी आहे की नाही ते मला आजही कळलेलं नाही. मी बरोबर केलं का, ते तू सांग. ह्यांना काय सांगू, तेही सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लागलेत, आणि आता डोळ्यांना भिंगं मीच घासते.
तुझी धाकटी


ता. २९ जून

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

शेवटपर्यंत थांबणं मला जमलं नाही, मी पायरीपाशीच हसले. मालगाडीचे एवढे डबे ओढणारा माणूस, आणि त्याला एका चिमुरडीने दाराबाहेर अडवलं. नंतर मात्र हसू आलं नाही. जावईबापूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

त्यांना माझा निरोप सांग. म्हणावं, पोरीने खोटं सांगितलं नाही, पण वाईटही सांगितलं नाही. कधी कधी येणाऱ्या माणसाला ती कधी कधी ओळखते, हिशोब चोख आहे, आजीवर गेलीय. यात रुसण्यासारखं काही नाही, जाण्यासारखं आहे. गाडी ज्या दिवशी गावात असेल त्या दिवशी त्यांनीच आणायला जावं आणि मावशींच्या नियमाप्रमाणे आत बसावं. पलंगाखालच्या पोराशी बोलावं, घड्या घालाव्यात. त्यांना घालता येत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगते. मावशींना ओळख पटेपर्यंत पोरीलाही पटेल. आणि पटल्यावरसुद्धा ती बाई दर वेळी विचारील, तर चिडू नये. विचारणारी आहे म्हणून तर तिला पैसे द्यायचे.

मासे हवेत तर एक मासा घरी आण. तो पाण्यात पोहेल, भिंगरी बाहेर.

आता तुझं. बरोबर केलंस का, असं मला विचारतेस. अगं, मला काय माहीत? त्या मावशींच्या मुलीच्या मनात काय आहे ते तिच्या आईला तरी कळत असेल की नाही, देव जाणे. मी तुला वाढवलं ते बरोबर झालं की चूक, हेसुद्धा अजून ठरायचंय. तू रडायचे म्हणतेस, मी राज्य केलंस म्हणते. निकाल तुझ्या हातात आहे, म्हणून तर मी म्हातारपणी तुझ्याशी इतकं जपून बोलते. भिंगरीचा निकाल यायलाही तीसेक वर्षं लागतील. तोवर रोज संध्याकाळी जा, घटकाभर बस, आणि पोरीला घेऊन घरी ये. तुझ्या हातात आणखी काय आहे?

नव्या टेबलावर पहिलं स्वतःचं भिंग घासशील तेव्हा मलाही एक चष्मा कर. मला वाचता येत नाही म्हणून काय झालं, नर्सबाई माझ्या नावावर काय काय लिहितात ते त्यांच्या तोंडाकडे बघून तरी कळेल.

लोभ आहे तेवढा पुरवून वापर, कमी पडला तर मागून घे.
तुझी आई

(लिहिणारीकडून : आज पत्र संपल्यावर आजींनी विचारलं, शेवटी काय राहिलं का. मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, मग लिहा की मुलगी शहाणी आहे, पण असं लिहा की मी सांगितलं नाही.)