गुळपाण्याचा बोळा

आई, तुला जाऊन नऊ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. पण तुझ्याशी तोंडाने बोलायला गेले की माझा आवाज चढतो, नेहमीच चढायचा, म्हणून लिहिते आहे.

तेव्हा मी महाडच्या एका दवाखान्यात समुपदेशक होते. ज्या गरोदर बाईच्या रक्तात एचआयव्ही निघे तिला माझ्या खोलीत पाठवत. बाळाला काय पाजायचं ते तुम्हीच ठरवायचं, असं मी त्यांना सांगायची. अंगावरच्या दुधातून आजार बाळाला जाऊ शकतो. वरचं दूध द्यायचं तर दर वेळी पाणी, वाटी, चमचा सगळं उकळायला हवं, नाहीतर मूल जुलाबाने जातं. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे दोन्ही मिसळणं. त्याने आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि आजाराला वाट मिळते. म्हणून एक काय ते धरायचं. अंगावरचं धरलं तर सहा महिने औषधाशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. हे मी पाढे म्हटल्यासारखं सांगायची, आणि थेंब म्हटलं की दर वेळी तुझा हात डोळ्यांसमोर यायचा.

आंबेनळीच्या पायथ्याच्या सगळ्या वाड्यांची तू सुईण. मूल पुसून घेतलं की कापसाचा बोळा गुळपाण्यात बुडवून त्याच्या ओठांवर पिळायचीस. पहिली चव माझ्या हातची, असं म्हणायचीस आणि लाजल्यासारखी हसायचीस. आणि मी, नर्सिंगचं एक वर्ष झालेली दीडशहाणी, भर बाळंतिणीच्या खोलीत चार बायकांसमोर तुझ्या हातातला बोळा काढून घेतला. घाण आहे म्हणाले. पदराला हात पुसलास आणि बाहेर गेलीस. त्यानंतर कितीही बोलावणी आली तरी कुणाच्या बाळंतपणाला गेली नाहीस, आणि दीड वर्षाने वारलीस. मी सांगितलं ते बरोबरच होतं, आई. ते मला खात नाही. चार बायकांसमोर सांगितलं, ते खातं.

तर माझ्या खोलीत आलेली ती एक मुलगी. बाविशीची, माहेर शिवथरकडचं, आपल्या शेजारच्या वाडीत दिलेली. नवरा ट्रकवर होता, ती पाच महिन्यांची गरोदर असताना वारला. घरात ती आणि सासू. सासूला आजाराचं नाव ठाऊक नव्हतं आणि ते तिला कळू द्यायचं नव्हतं. मुलीने दोन खेपांना माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमी काय केलं असतं, बाई?" याचं उत्तर द्यायची आम्हाला मुभा नसते. तिनेच हिशेब मांडला: पाणी झऱ्याचं, रॉकेल पुरत नाही, आणि बाटली दिसली की सगळी वाडी विचारायला येणार. म्हणाली, "अंगावरचंच पाजते. दुसरं कायच नाय." घुटी, मध, गुळपाणी यांतलं काही सासूने देऊ नये म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक थाप तयार केली. बाळाचं आतडं नाजूक आहे, डॉक्टरांनी मनाई केली आहे.

मुलगी झाली. दीड महिन्याने तिला घेऊन ती आली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. सासू ऐकते, म्हणाली. पण एक म्हातारी येते. ऐन दुपारी, सासू लाकडांना गेली की. उंबऱ्याबाहेर उभी राहते, आत पाऊल टाकत नाही. हातात ओला बोळा असतो. पोर कितीही रडत असली तरी ती आली की गप होते. मी म्हटलं, हाकलून दे तिला. तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "हाकलवत नाय, बाई. ती म्हणती, तुझ्या दवाखान्यातल्या बाईला इचार गो. ती हो म्हणली तरच देईन."

कशी दिसते, मी विचारलं. हिरवं लुगडं, म्हणाली, आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं. मी पेन खाली ठेवलं. तू गेलीस तेव्हा ही पोर तेरा वर्षांची, तिकडे शिवथरला होती. सासूने तुझ्याबद्दल सांगितलं असेल, आणि दमलेल्या बाळंतिणीला दुपारी काहीबाही दिसतं, अशी मी माझी समजूत घातली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पोलादपूरची एसटी धरली.

धुकं इतकं की पायवाट पायांनीच शोधावी लागत होती. सासू कोयता घेऊन निघालीच होती. मी सुईणीचं विचारलं तर म्हणाली, "तुमची आय गेली तशी इकडं सुईणच नाय." मग ती रानात गेली. बाळ माझ्या मांडीवर रडत होतं. आम्ही बसून राहिलो होतो, मी आणि ती मुलगी, आणि बाहेर कोंबड्या चरत होत्या. एकाएकी कोंबड्या गप झाल्या. बाळही गप झालं आणि दाराकडे बघू लागलं. मला भिजल्या गुळाचा वास आला. ती पदर सावरून उठली आणि हळूच म्हणाली, "आल्या."

मला धुक्याशिवाय काही दिसलं नाही. पण बाळ ओठ हलवू लागलं, चव घेतल्यासारखं. मी घाबरून त्याच्या ओठांना बोट लावलं. ओठ कोरडे होते. मग मी दाराकडे बघून बोलले, आणि त्या वेळी माझा आवाज चढला नाही. "आई, तुझं काही चुकलं नाही. पण हिला नको. एक थेंबही नको." मग ती मुलगी म्हणाली, "गेल्या. पदराला हात पुसला नि गेल्या." ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती.

त्यानंतर तू तिच्या दारात गेली नाहीस. पोर दीड वर्षाची झाली तेव्हाची तपासणी स्वच्छ आली. रिपोर्ट मी तिला दोनदा वाचून दाखवला, आणि ती माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली. तू दोनदा माझं ऐकलंस, आई. मी तुझं एकदाही ऐकलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून ठेवून देईन. पण एक लिहायचं राहिलं. सासू रानात गेल्यावर त्या मुलीने मला विचारलं होतं, दाराला कडी घालू का. बाळाचा जीव एका थेंबावर होता, आणि तो थेंब अडवायलाच मी एवढी चढून गेले होते. मला तुला बघायचं होतं, म्हणून मी राहू दे म्हटलं.